कौसाबाईची पहिली स्लाइड

बायको गेल्यावर माणसं घरी येतात आणि सगळी एकच बोलतात, "फार चांगली होती हो." मला त्याचा राग येतो. चांगली म्हणजे काय? भांडकुदळ होती. भाजीवाल्याशी भांडायची, नळावर भांडायची, टीव्हीतल्या बाईशीसुद्धा भांडायची. माझ्याशी तर रोजचंच. चांगली चांगली म्हणून तिला भिंतीवर टांगू नका. ती कशी होती ते मला माहीत आहे, म्हणून मीच लिहितो. मी सातवी नापास. एमआयडीसीत केमिकलचे ड्रम उचलण्यात जन्म गेला. लिहिणं वाकडंतिकडं होईल, खोटं होणार नाही.

नाव कौसल्या. पण बुवापाड्यात तिला कौसल्या म्हणणारं कोणी नव्हतं. मोठ्यांची कौसाबाई, बाकी सगळ्यांची कौसामावशी. ती बाळंतिणीची मालिश करायची आणि बाळाला आंघोळ घालायची. हाच तिचा धंदा. सकाळी उठून एक घर, दुसरं घर, तिसरं घर. बारा महिने तिच्या अंगाला ओव्याच्या धुरीचा वास यायचा. मी रात्रपाळी करून आलो की माझ्या अंगाला केमिकलचा वास आणि तिच्या अंगाला ओव्याचा. घरात कोणाचा जोर जास्त ते सांगायला नको.

पाटावर पाय लांब करून बसायची, साडी गुडघ्यापर्यंत घ्यायची, आणि नडग्यांच्या मधल्या खोबणीत बाळाला निजवायची. मग त्याच्याशी बोलणं सुरू. तान्ह्या बाळांना ती अहो-जाहो करायची.

"काय साहेब, झोप झाली का? जरा मान इकडं करा. रागवू नका, डोळ्यात नाही जाणार पाणी."

मुलगी असली तर "बाईसाहेब." बारसं होईपर्यंत हे असंच. बारशाला नाव ठेवलं की दुसऱ्या दिवसापासून "ए गुलामा, पाय सोड." मी एकदा विचारलं, हा काय प्रकार आहे? तर म्हणाली, "नाव नाही तोवर कोण आलंय ते काय माहीत? उगाच कोणाचा अपमान कशाला." मलाही लग्नाच्या दिवसापासून अहो म्हणायची, पण त्या पोरांना जेवढा मान होता तेवढा मला कधी मिळाला नाही.

आमच्याकडची पोरं मोठी झाली, नोकऱ्यांना लागली, पालेगावच्या टॉवरमध्ये राहायला गेली. त्यांना मुलं व्हायला लागली. कौसाबाईला वाटलं, आता काम वाढणार. एक दिवस आमच्याच गल्लीतल्या सागरच्या बायकोनं बोलावलं म्हणून गेली. वॉचमननं आधी वहीत सही घेतली. वर गेली तर ती मुलगी म्हणाली, "आँटी, तुमचं ट्रेनिंग वगैरे झालंय ना? सर्टिफिकेट असेल तर दाखवा ना."

ही म्हणाली, "बाळा, तुझ्या नवऱ्याला मीच आंघोळ घातली आहे. त्यानं नव्हतं विचारलं."

मुलगी हसली. चहा दिला, बिस्किटं दिली, काम दिलं नाही. वाईट नव्हती ती. तिच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, शिकलेली बाई बघा. कौसाबाई घरी आली, चहा टाकला, मला दिला, स्वतः घेतला नाही. हात मांडीवर उलटे ठेवून बसली. मग असंच आणखी दोन-तीन टॉवरमध्ये झालं.

"आता मी घरी बसून काय करू?" म्हणाली. "तुमची मालिश करू?"

मी म्हटलं, "कर की."

"तुमचं कातडं बघितलंय का आरशात?"

हसायची, पण मला कळत होतं. हाताला बाळ लागलं नाही तर ती आजारी पडायची. खरंच पडायची.

आमची रेखा बदलापूरला दिली आहे. तिनं शोधून काढलं की एका संस्थेचा कोर्स आहे, घरबसल्या करायचा. बाळ आणि बाळंतीण कशी सांभाळायची याचा. शेवटी सर्टिफिकेट. कौसाबाई तिसरी शिकलेली. वाचता यायचं, पण एकेक अक्षराला बोट लावून. रेखा म्हणाली, "आई, वाचायचं कमी आहे. बघायचं आहे आणि ऐकायचं आहे."

त्यासाठी टॅबलेट पाहिजे होता. आम्ही उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात जुना घ्यायला गेलो. सिंधी दुकानदार भला माणूस, पण गिऱ्हाईक फार. त्यानं टॅब चालू करून दाखवला. "लो अम्मा, एकदम चकाचक. मेरी गॅरंटी."

ही म्हणाली, "असं नाही भाऊ. रेखानं पाठवलेली लिंक लावा. मॅडम बोलताना दिसल्या तर घेणार."

त्यानं लिंक लावली. मॅडम बोलायला लागल्या. कौसाबाई स्टुलावर बसली. दुकानदार म्हणाला, "हो गया ना अम्मा?" ही म्हणाली, "थांबा ना, आत्ता तर बोलायला लागल्यात." अख्खा पाठ संपेपर्यंत तिनं तो टॅब हातातून सोडला नाही. चार्जर बघायला आलेली माणसं पण मागं उभी राहून बाळाची नखं कशी कापायची ते ऐकत होती. शेवटी दुकानदारच म्हणाला, "मेरी बहू को भी ये लिंक भेज दो, अम्मा."

त्या कोर्सला काही डाउनलोड करावं लागत नव्हतं. लिंकवर बोट ठेवलं की पडदा उघडायचा. मोठ्या भागात चित्र आणि चार ओळी, तिला स्लाइड म्हणायचं. कोपऱ्यात लहान चौकटीत मॅडम. खाली सगळ्या स्लाइडींची बारकी बारकी चित्रं. पाहिजे त्या चित्रावर बोट ठेवलं की मॅडम तिथून बोलायच्या. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मॅडम खरोखरच्या यायच्या, तेव्हा वर लाल ठिपका. बाकीच्या दिवशी आधीचं रेकॉर्डिंग.

कौसाबाईला दोन्ही सारखंच. रेकॉर्डिंग बघतानाही वेणी घालून, पदर सारखा करून बसायची. मध्येच थांबवायचं बटण होतं. तिनं ते कधी दाबलं नाही. दूध उतू चाललं तरी नाही. "बाई बोलतायत. त्यांच्या तोंडावर हात ठेवू का?" उठायचंच झालं तर "येते हां मॅडम" म्हणून उठायची, आणि जे ऐकायचं राहिलं त्यासाठी परत पहिल्यापासून लावायची. अर्ध्या तासाचा पाठ आमच्याकडे दुपारभर चालायचा.

रेखा म्हणाली, "अगं आई, हे मॅडम मागच्या महिन्यात बोलून गेल्यात. आत्ता त्या त्यांच्या घरी जेवत असतील."

"जेवू दे. बोलतायत तर माझ्याशीच ना?"

लाइव्हला एकदा फजिती झाली. मॅडम नाळेचं सांगत होत्या. नाळेला काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची. चित्र पुढं सरकलं. हिचं वाचून झालं नव्हतं, म्हणून हिनं बोटानं चित्र मागं ओढलं. ते मागं आलं आणि तिथंच बसलं. मॅडमचा आवाज मात्र पुढं गेला. हिच्या डोळ्यांसमोर बाळाची नाळ आणि कानात बाळंतिणीचं जेवण.

हिनं मला हाक मारली. "अहो, नाळेला तूप लावा म्हणतायत."

मी मेथी निवडत होतो. म्हटलं, "मग लावत असतील."

"आणि नाचणीची पेज?"

मी पण चक्रावलो. खाली कोपऱ्यात 'लाइव्हवर परत या' असं बटण होतं, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी रेखानं दाखवलं. पुढच्या मंगळवारी हिनं स्वतःहून मॅडमला हे सांगितलं. कोर्सला बसलेल्या सगळ्या बायका हसल्या. सगळ्यात जास्त ही हसली. त्या दिवसापासून त्या पंधरा-वीस बायकांत हिची ओळख झाली. कोण कर्जतची, कोण शहापूरची, एकमेकींचं तोंड फक्त चौकटीत बघितलेलं. पण लाल ठिपका लागला की आधी विचारायच्या, "पेजवाल्या मावशी आल्या का?"

मग तेलाचा पाठ आला.

तो रेकॉर्डिंगचा होता. मी बाहेर ओट्यावर बसलो होतो. मॅडमचा आवाज ऐकू येत होता. "बाळाच्या नाकात, कानात तेल घालू नका. नाकात घातलेलं तेल श्वासावाटे फुफ्फुसात जाऊ शकतं. त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. मूल दगावू शकतं." मॅडम पुढं बोलत राहिल्या, पण आतून नेहमीसारखं हं, हं येईना. डोकावलो तर ही टॅबकडे बघत नव्हती. स्वतःच्या करंगळीकडे बघत होती.

रेखाच्या आधी आम्हाला मुलगा झाला होता. मिलिंद. बारसं झालं होतं, अजून पालथा पडायला लागला नव्हता. नाक चोंदायचं त्याचं. ती करंगळीनं कोमट तेलाचे थेंब नाकात सोडायची. माझ्या आईनं तसंच दाखवलं होतं. सगळीकडे तसंच करायचे. मग ताप आला, छाती घरघरायला लागली. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया. तिथून तो परत आला नाही. आम्ही दोघं त्याबद्दल कधी बोललो नाही. रेखा झाली, दिवस गेले. आमच्यासारख्या घरांत अशी एखादी जागा असते, तिथं कोणी पाय ठेवत नाही.

त्यानंतर तिनं बाकीचे पाठ सोडले. खालच्या बारक्या चित्रांतलं एकच चित्र धरलं. तेलाची वाटी आणि तिच्यावर लाल फुली. दुपारी भांडी झाली की तीच स्लाइड. संपली की पुन्हा तीच. मॅडमचा आवाज मला पाठ झाला.

"बंद कर ते," मी म्हटलं.

"त्याचा श्वास आठवतो का तुम्हाला?"

"नाही."

"घरघर करायचा. मांजरीगत."

"आठवत नाही म्हटलं ना."

आठवत होतं.

मी म्हटलं, "अगं, सगळेच घालत होते तेल."

ती म्हणाली, "सगळ्यांची गेली नाहीत." मग म्हणाली, "आणि मी तर त्याच्यानंतरही घालत राहिले. लोकांच्या पोरांच्या. कोणाला काय झालं असेल, कोण मला सांगायला येणार होतं?"

मी चप्पल घालून नाक्यावर गेलो.

पुढच्या लाइव्हला मॅडम म्हणाल्या, कोणाला काही विचारायचंय का? हिनं हात वर करायचं बटण दाबलं. मॅडम म्हणाल्या, "बोला कौसल्याताई." मी दारातच उभा होतो. हिचे ओठ हलले. मग म्हणाली, "मॅडम, माझा आवाज येतोय का?"

"येतोय ताई, स्वच्छ येतोय."

"बरं," असं म्हणून हिनं हात खाली घेतला.

कोर्सच्या शेवटी प्रत्येकीनं स्वतः लाइव्ह यायचं होतं. चार-पाच स्लाइडी करायच्या, बाहुली घेऊन आंघोळ दाखवायची. त्यावर पास की नापास. आणि बघायला फक्त मॅडम नव्हत्या. ज्यांना अशी बाई पाहिजे त्या टॉवरमधल्या बायकांनाही लिंक जाणार होती. त्या बघणार आणि बोलावणार. म्हणजे सगळं काम त्या एका दुपारवर. रेखानं फोनवर तिला विचारून विचारून स्लाइडी केल्या. पाण्याची एक, तेलाची एक, धुरी का करायची नाही त्याची एक. ओव्याची धुरी सोडण्यावरून तिनं मॅडमशी खूप भांडण केलं होतं, पण सोडली. मग रेखाला म्हणाली, "सगळ्यांच्या आधी एक पांढरी घाल. तिच्यावर मिलिंद लिही. दुसरं काही नको."

रेखा म्हणाली, "आई, परीक्षा आहे ती. असं नको ना."

फोन ठेवल्यावर मी स्पष्ट बोललो. मला गोड बोलता येत नाही. म्हटलं, "तू तिथं म्हणणार, माझ्या हातून माझं पोर गेलं. आणि त्या बायका आपलं पोर तुझ्या हातात देणार? कोणी दारात उभं करणार नाही तुला. एवढे महिने बसलीस ते सगळं पाण्यात."

"जाऊ दे."

"काम गेलं तर जगशील का तू?"

ती म्हणाली, "गप्प राहून त्यांच्या पोरांना हात लावू का?"

त्या दुपारी ती रेखानं घेतलेली निळी साडी नेसली. स्वयंपाकघरातली फरशी पुसली. टॅब मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला. पाटावर पाय लांब केले, नडग्यांवर बाहुली निजवली. लाल ठिपका लागला. पांढरी स्लाइड आली, मध्ये काळ्या अक्षरांत मिलिंद.

मॅडमना वाटलं काहीतरी अडकलं. म्हणाल्या, "ताई, तुमचा फोटो लोड झालेला दिसत नाही."

"फोटो नाहीच मॅडम. त्याचा काढलाच नव्हता."

मग ती बोलली. घाईत नाही, रडत नाही, नळावर बोलायची तशा खणखणीत आवाजात. "हा माझा मुलगा. याच्या नाकात मी रोज तेल सोडायची. माझ्या सासूनं शिकवलं, तिला तिच्या सासूनं. पोर न्यूमोनियानं गेलं. नंतर पण मी खूप पोरांच्या नाकात तेल घातलं. तुमच्या नवऱ्यांच्या पण घातलं असेल. आता घालत नाही. तुमच्या घरात कोणी वाटी घेऊन आलं, तर याचं नाव सांगा."

चौकटीत मॅडमनी चष्मा काढला. मग हळू म्हणाल्या, "ताई, त्या तेलानंच झालं का, हे आज कोणीही सांगू शकणार नाही. तुम्ही स्वतःला..."

"मला माहीत आहे मॅडम. मी विचारत नाही. मी सांगतेय."

आणि पदरानं हात पुसून म्हणाली, "आता पाण्याचं बघू." पुढची स्लाइड आली. ती बाहुलीला म्हणाली, "काय साहेब, मान इकडं करा." शेवटपर्यंत तिचा हात चुकला नाही. मला स्वयंपाकघरात उभं राहवेना, मी मोरीत जाऊन नळ सोडला.

सर्टिफिकेट आलं. काम एकदम आलं नाही. एका बाईनं आधी ठरवलेलं होतं, ती फोन करून नको म्हणाली. मी म्हणणार होतो, बघ, सांगितलं होतं की नाही. पण तिचं तोंड बघून नाही म्हटलं. ती त्या दिवशी मजेत पोहे करत होती. मग पंधरवड्यानं एक फोन आला, मग आणखी एक. "त्या नाववाल्या स्लाइडच्या मावशी तुम्हीच ना?" असं विचारायच्या. संस्थेनं तिचं ते रेकॉर्डिंग ठेवलं आहे. नव्या बायकांना पहिल्या दिवशी तेच दाखवतात, असं रेखा सांगते. रेखा बघते कधी कधी. मी बघत नाही. मला ती कोपऱ्यातल्या चौकटीत एवढीशी बघायला नको वाटतं. ती एवढीशी नव्हती.

बुवापाड्यात मालिश करणाऱ्या आणखी म्हाताऱ्या आहेत. त्यांच्या घरी जाऊन जाऊन तिनं त्यांच्याशी भांडणं केली. एकीनं हाकललं सुद्धा. दुसऱ्या दिवशी ही परत त्याच दारात.

नंतर तिच्या हृदयानं दगा दिला. जिने चढताना धाप लागायची, पाय सुजायचे. डॉक्टर म्हणाले आराम. ती म्हणाली, हे एवढं एक घर पुरं करते. पालेगावलाच होतं. मी सोबत जायला लागलो, पिशवी धरायला.

त्या कामाच्या शेवटच्या दिवशी मी हॉलमध्ये खुर्चीवर बसलो होतो. बाथरूमचं दार उघडंच होतं, ती पाटावर, बाळ नडग्यांवर. बाळाची आजी गावाहून आलेली. ती वाटी घेऊन आली. "बाई, नाक वाजतंय त्याचं. दोन थेंब सोडा बघू."

मला वाटलं आता भांडण. कौसाबाईनं वाटी घेतली. बाळाच्या आईला म्हणाली, "नाक वाजतंय तर आजच डॉक्टरला दाखवा." मग वाटीतलं तेल तळहातावर ओतलं आणि बाळाच्या तळपायांना चोळायला लागली. "आजीबाई, तुम्ही प्रेमानं गरम केलंय, वाया नाही घालवत. इथं लावू. बसा अशा माझ्याजवळ." आजी खाली बसली. ही तिच्याशी हलक्या आवाजात काहीतरी बोलली. मला नाव तेवढं ऐकू आलं. आजीनं बराच वेळ हिच्या दंडावर हात ठेवला. दोघींच्या मध्ये ते पोर पाय झाडत होतं.

आम्ही निघालो. लिफ्टमध्ये दोघंच. तिला धाप लागली होती. तिनं माझा हात धरला. आमच्यात ती पद्धत नव्हती, चारचौघांत तर नाहीच. हात तेलानं निसरडा झाला होता, सुटायला लागला. मी तिच्या बोटांत बोटं अडकवली. खाली दार उघडलं तर वॉचमन समोर. तिनं हात ओढून घ्यायला बघितलं.

मी म्हटलं, "राहू दे. बघू दे त्याला."